आपल्या घरात वीज कोण खाते?

आरंभी एक साधा प्रश्न. स्वयंपाकघरातील मिक्सर रोज दहा मिनिटे चालतो. दूरदर्शन संचाखालचा सेट-टॉप बॉक्स एका कोपऱ्यात मुकाट्याने बसलेला असतो. महिनाअखेरीस या दोघांपैकी कोणाच्या नावावर अधिक वीज खर्ची पडलेली असेल?

बहुतेक जण मिक्सरचे नाव घेतील. आणि का घेऊ नये? तो केवढा आवाज करतो! पण थोडा हिशेब करू या. मिक्सर ५०० वॅटचा आहे असे समजू. रोज १० मिनिटे याप्रमाणे ३० दिवसांत तो ५ तास चालला. ५०० गुणिले ५ म्हणजे २,५०० वॅट-तास, अर्थात अडीच युनिट. आता सेट-टॉप बॉक्स घ्या. तो अवघे १० वॅट घेतो असे धरू; पण तो चोवीस तास चालू असतो. रिमोटचे बटण दाबले की पडदा काळा होतो, परंतु पुष्कळ बॉक्स त्यानंतरही जवळजवळ पूर्वीइतकीच वीज घेत राहतात. महिन्याचे तास ७२०. १० गुणिले ७२० म्हणजे ७,२०० वॅट-तास, म्हणजेच ७.२ युनिट. आवाज करणाऱ्या मिक्सरच्या जवळजवळ तिप्पट!

यात जादू काहीच नाही. वॅट हे शक्तीचे माप आहे. वीज किती वेगाने खर्च होते एवढेच ते सांगते. बिल येते ते ऊर्जेचे, आणि ऊर्जा म्हणजे शक्ती गुणिले वेळ. उपकरणाच्या पाठीवर शक्ती छापलेली असते, वेळ छापलेली नसते. म्हणून नुसत्या पाट्या वाचून विजेचा हिशेब लागत नाही. तो मोजावाच लागतो.

एक युनिट म्हणजे किती?

१,००० वॅटचे उपकरण एक तास चालले की एक युनिट, म्हणजे एक किलोवॅट-तास, ऊर्जा खर्च होते. ज्यूलमध्ये सांगायचे तर ३६ लाख ज्यूल. एवढ्या ऊर्जेने एक टन वजन सुमारे ३६७ मीटर उंच उचलता येईल. कुतुबमिनाराची उंची सुमारे ७३ मीटर आहे. म्हणजे त्याच्या पाचपट उंच! आता त्याच एका युनिटाने पाणी तापवून पाहा. २५ अंश सेल्सियसचे पाणी ५५ अंशांपर्यंत तापवायचे असेल, तर जेमतेम २८ लिटर, म्हणजे सुमारे दीड बादली पाणी तापेल. उष्णता निर्माण करणे किती महाग असते ते यावरून ध्यानात येईल. गीझर, इस्त्री, विजेची शेगडी यांचे वॅट हजारांत का असतात, त्याचेही उत्तर येथेच आहे.

मोजणारा प्लग

विजेची मोजणी हा प्रश्न विजेच्या दिव्याइतकाच जुना आहे. एडिसनने आरंभीच्या काळात जे मीटर वापरले, त्यांत जस्ताच्या पट्ट्या जस्त सल्फेटाच्या द्रावणात बुडवून ठेवलेल्या असत. प्रवाहाबरोबर जस्त एका पट्टीवरून दुसरीवर जाई. ठरावीक काळाने पट्ट्या तराजूत तोलून बिल काढीत. पुढे १८८९ साली बुडापेस्ट येथील गांझ कारखान्यातील अभियंता ओटो ब्लाथी याने प्रत्यावर्ती प्रवाहासाठी फिरत्या चकतीचा मीटर बनविला. तशा जातीचे चकतीचे मीटर आपल्याकडेही कित्येक दशके घरोघर होते.

परंतु दारातला मीटर सगळ्या घराची बेरीज सांगतो. कोणत्या उपकरणाने किती खाल्ले, हे त्याला वेगळे सांगता येत नाही. ते काम आता ‘स्मार्ट प्लग’ नावाची लहानशी वस्तू करते. ही डबी भिंतीवरच्या सॉकेटमध्ये खोचायची आणि तिच्यात उपकरणाची पिन घालायची. वाय-फायमार्फत ती आपले आकडे मोबाइलवर दाखविते. मात्र घेताना एक गोष्ट तपासून पाहावी. काही स्मार्ट प्लग केवळ चालू-बंद करण्याचे काम करतात, मोजणी करीत नाहीत.

डबीच्या पोटात काय असते? प्रवाहाच्या वाटेत एक अगदी क्षुल्लक रोध, उदाहरणार्थ एक ओहमचा हजारावा भाग, बसविलेला असतो. ओहमचा नियम तुम्हाला ठाऊकच आहे. यातून ५ अँपिअर प्रवाह गेला, तर त्याच्या दोन टोकांत ५ मिलिव्होल्ट दाब निर्माण होतो. तो मोजला की प्रवाह कळला. दुसरीकडे घरातल्या २३० व्होल्टचा एक लहानसा ठरावीक अंश मोजून दाब कळतो. एक चिप या दोहोंची नोंद सेकंदाला अनेक वेळा घेते, प्रत्येक वेळी त्यांचा गुणाकार करते आणि त्याची सरासरी काढते. हीच खरी शक्ती.

तुम्ही विचाराल, इतक्या वेळा गुणाकार कशाला? एकदाच व्होल्ट गुणिले अँपिअर केले तर? त्याचे असे आहे. आपल्या घरातील प्रवाहाची आवर्तने सेकंदाला ५० होतात. पंख्यासारख्या, मोटर असलेल्या उपकरणात प्रवाह दाबाच्या किंचित मागून धावतो. झोपाळ्याला योग्य वेळी धक्का दिला तर तो उंच जातो. तो मागे येत असताना दिला तर उलट अडतो. तसेच येथे प्रत्येक आवर्तनात काही क्षण उपकरण ऊर्जा घेते, तर काही क्षण थोडी परत करते. म्हणून एखादा पंखा २३० व्होल्टवर पाव अँपिअर घेत असला, तरी त्याची शक्ती ५७.५ वॅट असेलच असे नाही; ती ५० वॅटही असू शकते. या प्रमाणाला शक्तिगुणक म्हणतात. क्षणाक्षणाला गुणाकार केल्यामुळे हा फरक आपोआप हिशेबात येतो.

आलेख काय सांगतो?

प्लग लावून एक दिवस थांबलात की मोबाइलवर आलेख दिसू लागतो, आणि प्रत्येक उपकरणाची चाल निराळी असल्याचे ध्यानात येते. इस्त्रीचा आलेख फणीच्या दातांसारखा असतो. एक हजार वॅट, मग शून्य, पुन्हा एक हजार. इस्त्री पुरेशी तापली की तिच्यातील तापनियंत्रक प्रवाह तोडतो. म्हणून १,००० वॅटची इस्त्री एक तास चालली, तरी ती पूर्ण एक युनिट घेत नाही.

फ्रिजचीही तीच तऱ्हा. कॉम्प्रेसर सुरू होताना क्षणभर मोठा प्रवाह ओढतो, मग काही वेळ साधारण १०० वॅटवर चालतो आणि गारवा झाला की थांबतो. फ्रिजचे दहा मिनिटांचे मोजमाप म्हणूनच निरुपयोगी असते. निदान चोवीस तास मोजा. शक्य तर आठवडाभर. आणि एक करा: फ्रिजला लावलेला प्लग चुकून मोबाइलवरून बंद होणार नाही, याची काळजी घ्या. नाहीतर विजेच्या बचतीपेक्षा नासलेले दूध महाग पडेल!

प्लगच्या मर्यादा

कोणतेही मापनयंत्र वापरताना त्याच्या मर्यादा आधी जाणून घ्याव्यात. पहिली गोष्ट सुरक्षिततेची. २,००० वॅटचा गीझर २३० व्होल्टवर सुमारे ८.७ अँपिअर प्रवाह घेतो. तो ६ अँपिअरच्या प्लगवर लावलात, तर प्लग तापून वितळू शकतो. प्लगवर छापलेले अँपिअर वाचल्याशिवाय तो वापरू नका, आणि हे काम घरातील मोठ्या माणसांच्या देखत करा.

दुसरी गोष्ट, प्लग स्वतःही थोडी वीज खातो. तो एक वॅट घेतो असे धरा. एक वॅट वर्षभर म्हणजे ८.७६ युनिट. हा आकडा पाठच करून ठेवा, फार उपयोगी आहे. मोबाइलचा चार्जर नुसता खोचून ठेवला असता याहूनही कमी वीज घेत असेल, तर त्याला कायमचा प्लग लावणे म्हणजे चार आण्याच्या कोंबडीला बारा आण्याचा मसाला! प्लग हा तापमापकासारखा वापरावा. लावावा, वाचावा, वहीत नोंद करावी आणि काढून पुढच्या उपकरणाला लावावा.

तिसरी गोष्ट अधिक नाजूक आहे. प्लगचे आकडे पुष्कळदा इंटरनेटवरून कंपनीच्या संगणकाकडे जातात. घरात माणसे केव्हा उठतात, केव्हा बाहेर जातात, हे त्या आकड्यांवरून सहज ओळखता येते. तेव्हा ते कोणाला दिसतात, हे घरातील मोठ्यांनी तपासून पाहावे.

चौथी मर्यादा सर्वांत मोठी. छताच्या पंख्याला आणि ट्यूबलाइटला प्लगच नसतो! मग त्यांची वीज मोजायची कशी?

लुकलुकणारा दिवा आणि घड्याळ

त्यासाठी प्लग विकत घेण्याचीही गरज नाही. दारातील इलेक्ट्रॉनिक मीटर पाहा. त्याच्यावर एक बारीक तांबडा दिवा लुकलुकत असतो. शेजारी एका युनिटाला तो किती वेळा लुकलुकतो, तो आकडा छापलेला असतो. पुष्कळ मीटरवर तो ३,२०० असतो. मीटरला हात लावायचा नाही, फक्त पाहायचे.

सूत्र सोपे आहे. ३६ लाखांना मीटरवरच्या आकड्याने भागा, आणि आलेल्या उत्तराला दोन लुकलुकींमधील सेकंदांनी भागा. उत्तर वॅटमध्ये येईल. आकडा ३,२०० असेल, तर १,१२५ भागिले सेकंद. आता घरातील सगळी उपकरणे पाच-दहा मिनिटे बंद करा. फ्रिजही चालेल, मात्र त्याचे दार उघडू नका. मग एकच पंखा लावा आणि दहा लुकलुकींना लागणारा वेळ मोजा. समजा १५० सेकंद लागले. एका लुकलुकीला १५ सेकंद. १,१२५ भागिले १५ म्हणजे ७५ वॅट. झाला पंखा मोजून! हाच पंखा रेग्युलेटरच्या प्रत्येक अंकावर ठेवून पुन्हा मोजा. जुना, पेटीसारखा, तापणारा रेग्युलेटर आणि नवा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर यांत काय फरक दिसतो, ते स्वतःच शोधून काढा.

एकाच मीटरकडे पाहून आतली उपकरणे ओळखण्याच्या या युक्तीचा शास्त्रीय अभ्यासही झालेला आहे. अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत जॉर्ज हार्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० च्या दशकात अशी पद्धत विकसित केली. एकूण शक्तीच्या आलेखात पडणाऱ्या पायऱ्यांवरून कोणते उपकरण सुरू झाले, हे ती ओळखते.

शेवटचे युनिट महाग

आता पैशांकडे वळू. महाराष्ट्रात घरगुती विजेचे दर टप्प्यांनी वाढतात. महावितरणच्या बिलात पहिल्या १०० युनिटांना एक दर, १०१ ते ३०० ला त्याहून बराच अधिक, आणि पुढे आणखी वरचे टप्पे असतात. दर बदलत असतात. म्हणून खरे आकडे आपल्या ताज्या बिलावरून घ्या. येथे गणितापुरते पहिल्या टप्प्याला ५ रुपये आणि दुसऱ्याला ११ रुपये धरू. स्थिर आकार आणि इतर आकार बाजूला ठेवू.

एका घरात १३० युनिट वापरले जातात. पहिल्या १०० चे ५०० रुपये, उरलेल्या ३० चे ३३० रुपये. एकूण ८३०. आता त्या घराने ३० युनिट वाचविले, तर बिल ५०० वर येते. वापर २३ टक्के घटला, पण बिल सुमारे ४० टक्के घटले! कारण वाचतात ती युनिटे सर्वांत महाग टप्प्यातील असतात.

ही ३० युनिटे कोठून आणायची? रोज १२ तास चालणारा ७५ वॅटचा पंखा महिन्याला २७ युनिट घेतो. त्याऐवजी ३० वॅटचा, बीएलडीसी मोटरचा पंखा बसविला, तर १०.८ युनिट लागतात. बचत १६.२ युनिटांची. सेट-टॉप बॉक्स रोज १८ तास भिंतीवरच्या बटणाने बंद ठेवला, तर ५.४ युनिटे वाचतात. ही झाली २१.६. उरलेली आठ-नऊ तुमच्या घरातील मोजणीच तुम्हाला दाखवील.

पण नवा पंखा घेण्यापूर्वी थांबा. तो ३,००० रुपयांना पडतो असे समजू. १३० युनिटांच्या घरात १६.२ युनिटांचे ११ रुपयांप्रमाणे महिना १७८ रुपये वाचतात. १७ महिन्यांत पंख्याची किंमत वसूल. मात्र ज्या घराचा वापर मुळातच १०० च्या आत आहे, तेथे महिना ८१ रुपयेच वाचतील आणि ३७ महिने लागतील. शिवाय पंखा वर्षभर रोज १२ तास चालत नसेल, तर आणखी वेळ लागेल. पंखा तोच, पण दोन घरांची उत्तरे निराळी! म्हणून शेजाऱ्याने केले ते आपणही करावे असे नाही. आधी आपल्या घरातले आकडे हाती असावेत.

पैसे वाचतात, त्याबरोबर आणखीही काही वाचते. भारतात विजेचा मोठा वाटा अद्याप कोळशापासून येतो. त्यामुळे सरासरीने एका युनिटामागे सुमारे ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. वर हिशेब केलेली ३० युनिटे म्हणजे महिन्याला २१ किलो.

करून पाहा

वहीत चार रकाने आखा: उपकरण, वॅट, रोजचे तास, महिन्याची युनिटे. मोजणीपूर्वी घरातील प्रत्येकाला विचारा, सर्वांत जास्त वीज कोण खात असेल? त्यांची उत्तरे एका बाजूला लिहून ठेवा. मग आठवडाभर मोजा. शेवटी सर्व उपकरणांची बेरीज करून ती त्याच आठवड्यातील मीटरच्या नोंदीशी ताडून पाहा. दोन्ही आकडे तंतोतंत जुळणार नाहीत. फरक फार असेल, तर एखादे उपकरण तुमच्या यादीतून निसटले आहे असे समजा आणि शोध घ्या. शिक्षकांनी वर्गातील सर्वांच्या नोंदी फळ्यावर एकत्र मांडल्या, तर एकाच जातीच्या उपकरणांत घराघरांतून केवढा फरक असतो, तेही दिसेल.

आणि घरातल्यांची ती पहिली उत्तरे मात्र जपून ठेवा. मोजलेल्या आकड्यांशेजारी ती वाचताना सर्वांनाच मौज वाटेल!