पाण्यावरचा रशिया, पाण्याखालचा रशिया

मराठी मुलखाचे आणि व्होल्गा नदीचे नाते तसे जुने आहे. पंधराव्या शतकाच्या उत्तरार्धात त्वेर या रशियन शहरातला अफनासी निकितीन नावाचा व्यापारी व्होल्गेतून नावेने निघाला. वाटेत आस्त्राखानजवळ तो लुटला गेला. तरीही इराणमार्गे समुद्र ओलांडून तो आपल्या चौल बंदरात उतरला. जुन्नरला त्याने एक पावसाळा काढला, पुढे बहामनींच्या बीदरपर्यंत तो गेला आणि परत जाताना दाभोळला जहाजात बसला. घर गाठण्यापूर्वीच स्मोलेन्स्कजवळ त्याला मृत्यू आला; पण त्याची टिपणे मागे राहिली आणि ‘तीन समुद्रांपलीकडचा प्रवास’ या नावाने ती आजही वाचली जातात. पुढे १९६१ साली इकडून तिकडे गेले ते अण्णा भाऊ साठे. ज्यांना शाळा जवळजवळ लाभलीच नाही, त्या अण्णा भाऊंनी ‘माझा रशियाचा प्रवास’ लिहिला. त्याच्या कितीतरी आधी त्यांनी ज्या स्टालिनग्राडचा पवाडा रचला होता, ते शहरही व्होल्गेच्याच काठचे. २०२२ मध्ये मॉस्कोच्या परदेशी साहित्याच्या ग्रंथालयात अण्णा भाऊंचा पुतळा बसविण्यात आला.

अशा या ओळखीच्या नदीतून, मॉस्कोपासून सेंट पीटर्सबर्गपर्यंत, एक मोठा जलप्रवास करता येतो. जलद आगगाडीने हे अंतर सुमारे साडेसहाशे किलोमीटरचे, म्हणजे चार तासांचे. प्रवासी बोट मात्र नद्या, कालवे आणि सरोवरे यांतून वळणे घेत दहाबारा दिवस लावते. हिवाळ्यात सारे पाणी गोठलेले असते, त्यामुळे मे महिन्यापासून शरद ऋतूपर्यंतच या बोटी चालतात. २०२२ मध्ये युक्रेनचे युद्ध पेटल्यावर पाश्चात्त्य कंपन्यांनी तेथील सहली थांबविल्या. रशियन प्रवासी मात्र या मार्गाने जातच असतात. मी स्वतः रशिया पाहिलेला नाही. भिंतीवरचा नकाशा आणि ग्रंथालयातील पुस्तके एवढ्याच भांडवलावर हा प्रवास मी केला. पण नकाशावर बोट फिरवताना एक प्रश्न मनात आला आणि तो मिटेना. मॉस्को शहर व्होल्गेवर नाही, आणि व्होल्गा तर दक्षिणेला कॅस्पियन समुद्रात जाते. मग मॉस्कोत बसलेला प्रवासी उत्तरेच्या बाल्टिक समुद्राकाठी बोटीतून उतरतो कसा?

याचे उत्तर असे, की ही वाट निसर्गाने दिलेली नाही. माणसाने केलेली आहे. मॉस्को नदीला व्होल्गेशी जोडणारा १२८ किलोमीटर लांबीचा कालवा १९३२ ते १९३७ या काळात खणला गेला. या दोन नद्यांच्या मध्ये उंचवटा आहे. त्यावरून बोट नेण्यासाठी ‘लॉक’, म्हणजेच जलपाश, बांधावे लागतात. जलपाश म्हणजे दोन्ही टोकांना दरवाजे असलेला एक प्रचंड हौद. बोट आत शिरली की मागचा दरवाजा बंद होतो. मग हौदातले पाणी हळूहळू खाली सोडतात, पाण्याबरोबर बोटही खाली उतरते आणि पातळी सारखी झाली की पुढचा दरवाजा उघडतो. वर चढायचे असेल तर हेच उलट. मॉस्कोच्या उत्तर बंदरातून निघालेली बोट अशा अनेक पायऱ्यांनी उतरून व्होल्गेच्या पातळीला येते. कालव्याच्या माथ्यावर मात्र पाणी आपोआप येत नाही; व्होल्गेचेच पाणी पंपांनी वर चढवावे लागते. मॉस्को शहराच्या पिण्याच्या पाण्याचा फार मोठा वाटा याच कालव्यातून येतो.

याख्रोमा येथील जलपाशाच्या मनोऱ्यांवर कोलंबसाच्या जहाजाच्या तांब्याच्या प्रतिकृती आहेत. प्रवासी त्यांची छायाचित्रे घेतात. पण हा कालवा खणला कोणी? द्मित्लाग नावाच्या छावणीतील कैद्यांनी. एकेका वेळी तेथे जवळजवळ दोन लाख माणसे राबत होती आणि फावडे व हातगाडी हीच त्यांची मुख्य हत्यारे होती. सरकारी नोंदींतच मृतांचा आकडा बावीस हजारांच्या वर जातो. नव्या जगाच्या शोधाचे प्रतीक म्हणून जहाज वर उभे राहिले. ज्यांच्या हातांनी ते उभे राहिले, त्यांतील कित्येक जण खाली मातीत गेले.

बोट व्होल्गेत आली की पात्र रुंदावते आणि कल्याझिन गावापाशी एक विलक्षण दृश्य दिसते. पाण्याच्या मधोमध एक उंच घंटाघर उभे आहे. भोवती चर्च नाही, रस्ता नाही, वस्ती नाही. १८०० च्या सुमारास बांधलेले हे घंटाघर एका मोठ्या चर्चचा भाग होते. उग्लिचचे धरण झाले तेव्हा, १९४० च्या सुमारास, गावाचा जुना भाग पाण्याखाली जाणार हे ठरले. चर्च पाडण्यात आले, घंटाघर राहिले. पुढे त्याच्या पायाशी भर घालून छोटे बेट करण्यात आले. याच कल्याझिनमध्ये एक प्राचीन मठही होता. आपला निकितीन हिंदुस्थानकडे निघाला तेव्हा याच मठात थांबला आणि मठाधिपतींचा आशीर्वाद घेऊन पुढे उग्लिचला गेला, असे त्याने स्वतःच लिहून ठेवले आहे. तो मठही धरणापायी पाडला गेला. चौल आणि जुन्नरच्या प्रवासाचा जेथे आरंभ झाला, ती जागा आज बोटीतून शोधू म्हटले तर दिसणार नाही.

उग्लिच हे गाव इतिहासात एका मुलाच्या मृत्यूमुळे गाजले. क्रूर इव्हान या झारचा धाकटा मुलगा द्मित्री १५९१ साली येथे गळ्यावर जखम होऊन मरण पावला. तो आठ वर्षांचा होता. खून की अपघात, हा वाद अद्याप मिटलेला नाही. चर्चची घंटा वाजली, लोक धावून आले आणि ज्यांच्यावर संशय होता त्यांना त्यांनी ठार केले. सरकारने लोकांना तर शिक्षा केलीच, पण घंटेलाही सोडले नाही! तिची जीभ उपटली, तिला फटके मारले आणि दूर सायबेरियात तोबोल्स्कला हद्दपार केले. तीनशे वर्षांनी, १८९२ मध्ये, ती घंटा परत आली आणि आज ती उग्लिचलाच पाहायला मिळते. हे वाचून आपल्याला हसू येते. पण थोडा विचार केला तर कळते, की राज्यकर्त्यांना घंटेची भीती वाटते ती ती लोकांना जागे करते म्हणून.

उग्लिचहून खाली यारोस्लाव्हल हे मोठे शहर आहे. परंपरेप्रमाणे त्याची स्थापना १०१० सालची. तेथील प्रेषित एलियाचे चर्च १६४७ ते १६५० या काळात व्यापाऱ्यांच्या पैशाने उभे राहिले. त्याच्या भिंती चित्रांनी भरून गेल्या आहेत आणि विषय बायबलचा असूनही एका चित्रात शेतात कापणी करणारे रशियन शेतकरी दिसतात. शहराचा जुना भाग २००५ पासून जागतिक वारशाच्या यादीत आहे.

यानंतर बोट उत्तरेकडे वळते आणि रिबिन्स्कच्या जलाशयात शिरते. प्रवाशाला वाटते, आपण समुद्रात आलो. सुमारे साडेचार हजार चौरस किलोमीटरचा हा जलाशय १९४१ मध्ये भरू लागला आणि १९४७ मध्ये पूर्ण भरला. त्याच्या तळाशी मोलोगा नावाचे शहर आणि साडेसहाशेहून अधिक खेडी आहेत. सुमारे एक लाख तीस हजार माणसांना उठावे लागले. तेथील घरे लाकडी ओंडक्यांची. लोकांनी ती उकलली, ओंडक्यांवर खुणा केल्या, त्यांचे तराफे बांधले आणि आपलीच घरे नदीतून वाहून नेऊन दुसरीकडे पुन्हा उभी केली. ज्याचे घर जुने, कुजके होते, त्याला तेवढेही साधले नाही. २०१४ च्या उन्हाळ्यात पाणी फार खाली गेले तेव्हा मोलोगाचे जुने अवशेष उघडे पडले. रिबिन्स्कमध्ये आता या बुडालेल्या शहराचे एक संग्रहालय आहे.

येथे दुसरी बाजूही मांडली पाहिजे. उग्लिच आणि रिबिन्स्क येथील वीजकेंद्रांनी १९४१ च्या हिवाळ्यात, जर्मन फौजा मॉस्कोच्या दाराशी आल्या असताना, राजधानीला वीज पुरविली. ती वीज नसती तर काय झाले असते, हा प्रश्न सोपा नाही. म्हणून धरण वाईट आणि गाव चांगले, एवढ्यावर हिशोब मिटत नाही. पण हिशोब मांडताना जमेची बाजू मोठ्या अक्षरात आणि खर्चाची बाजू पाण्याखाली, असे होऊ नये. सोव्हिएत काळात मोलोगाबद्दल उघडपणे फारसे बोललेच जात नसे. गाव एकदा पाण्यात बुडते आणि दुसऱ्यांदा मौनात बुडते. माझ्या मते दुसरे बुडणे अधिक वाईट. हे मी केवळ पुस्तकी लिहीत नाही. माझ्या आईचे माहेर एका धरणाच्या पाण्याखाली आहे. महाविद्यालयात आलेली आमच्या घरातील मी पहिलीच. त्या गावाबद्दल लिहिलेले एक पानही मला आजवर सापडले नाही. जे आहे ते आजीच्या बोलण्यात आहे.

रिबिन्स्कच्या पुढे शेक्सना नदीतून बोट गोरित्सी गावाला लागते. राजघराण्यातील नकोशा झालेल्या स्त्रियांना येथील मठात धाडीत असत. जवळच १३९७ साली स्थापन झालेला किरिल्लो-बेलोझेर्स्की मठ आहे. त्याचे तट पाहिले तर मठ की किल्ला असा प्रश्न पडावा. पुढे बेलोये, म्हणजे ‘पांढऱ्या’ सरोवराच्या तोंडाशी क्रोखिनो येथे पाण्यात पुन्हा एक भग्न चर्च दिसते. १९६४ मध्ये व्होल्गा-बाल्टिक जलमार्ग खुला झाला, त्यासाठी पाणी चढविले गेले तेव्हा क्रोखिनो गाव गेले. चर्चची उरलेली भिंत तरी राहावी म्हणून अलीकडे काही स्वयंसेवक झटत आहेत.

या नव्या जलमार्गाआधी येथे १८१० साली सुरू झालेला जुना मार्ग होता. त्या काळी प्रवाहाविरुद्ध माल नेणाऱ्या नावा माणसेच काठावरून दोरांनी ओढीत. त्यांना बुरलाक म्हणत. इल्या रेपिन या चित्रकाराने १८७३ साली पुरे केलेले त्यांचे चित्र सेंट पीटर्सबर्गच्या रशियन संग्रहालयात आहे. छातीवर पट्टा घेऊन वाळूतून पुढे वाकलेली ती अकरा माणसे एकदा पाहिली की विसरता येत नाहीत.

पांढऱ्या सरोवराच्या पलीकडे सहा जलपाशांनी सुमारे ऐंशी मीटर उतरून बोट ओनेगा सरोवरात येते. युरोपातील हे दुसऱ्या क्रमांकाचे सरोवर. त्यातील किझी बेटावर १७१४ साली बांधलेले बावीस घुमटांचे लाकडी चर्च आहे. उंची ३७ मीटर. पाइनच्या ओंडक्यांना खाचा पाडून ते एकमेकांत बसविले आहेत. घुमटांवर अ‍ॅस्पेन झाडाच्या लाकडी कपच्या आहेत आणि उन्हात त्या चांदीसारख्या चमकतात. एकही खिळा न वापरता हे उभारले असे सर्वत्र सांगतात, परंतु त्या कपच्या खिळ्यांनीच बसविलेल्या आहेत. म्हणून सुतारांचे मोठेपण कमी होत नाही. खिळ्यांवाचून उभ्या राहतात त्या भिंती, आणि तीनशे वर्षे त्या बर्फावाऱ्याला पुरून उरल्या. नुकतीच, २०२० मध्ये, या चर्चची मोठी दुरुस्ती पुरी झाली. वरचा भाग तोलून धरून खालचे कुजलेले ओंडके एकेक करून बदलण्यात आले.

ओनेगातून स्विर नदीने जाताना मान्द्रोगी हे गाव लागते. रंगीत घरे, कुंभार, विणकर, लाकडी बाहुल्या. पाहणाऱ्याला वाटावे, हेच खरे जुने रशियन खेडे. प्रत्यक्षात जुने मान्द्रोगी दुसऱ्या महायुद्धात नष्ट झाले आणि आजचे १९९६ पासून प्रवाशांसाठी वसविले गेले. त्यात फसवणूक आहे असे मी म्हणणार नाही; तेथील कारागिरांचे हात खरेच आहेत. परंतु ज्या वाटेवर शेकडो खरी खेडी पाण्याखाली आहेत, त्याच वाटेवर एक खेडे पाहण्यासाठी बांधावे लागले, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

मग लादोगा हे युरोपातील सर्वांत मोठे सरोवर, आणि अवघ्या ७४ किलोमीटर लांबीची नेवा नदी. तिच्या मुखाशी पीटर झारने १७०३ मध्ये वसविलेले सेंट पीटर्सबर्ग. येथे प्रवास संपतो.

इतिहासाच्या तासाला आपण राजे, लढाया आणि तह पाठ करतो. हा जलमार्ग मला दुसराच धडा देऊन गेला. काठावर जे उभे असते त्याला आपण वारसा म्हणतो, त्याच्या तारखा लिहितो, त्याचे रक्षण करतो. जे तळाशी गेले त्याच्या तारखा कोण लिहिणार? मोलोगाच्या लोकांनी आपल्या आठवणी, छायाचित्रे आणि घरातील वस्तू गोळा केल्या, म्हणून आज त्यांच्या शहराला संग्रहालय आहे. हे काम विद्वानांच्या आधी घरच्या माणसांनी करायचे असते. आपल्यापैकी ज्या ज्या मित्रमैत्रिणींची गावे अशी गेली आहेत, त्यांनी या सुट्टीत एक वही घ्यावी आणि घरातील सर्वांत म्हाताऱ्या माणसाजवळ बसावे. गावात किती विहिरी होत्या, चावडी कोठे होती, पाराला कोणते झाड होते, एवढे विचारले तरी सुरुवात होईल.