इंदुरातला नारळीभात आणि कोकणचा दर्या

मंडळाच्या मागच्या बैठकीत एका तरुण सभासदाने विचारलं, "काका, इंदुरात समुद्र नाही, मग नारळी पौर्णिमेला आपल्याकडे नारळीभात कशाला?" अर्धं उत्तर सोपं आहे. होळकरशाहीत दक्षिणेतून आलेली घराणी आपले सण बरोबर घेऊन आली. उरलेल्या अर्ध्यासाठी दर्याचं वेळापत्रक पाहावं लागतं. मी पेशाने इंजिनीयर, म्हणून आधी यंत्रणा सांगतो.

जूनमध्ये नैऋत्य मोसमी वारे सुरू झाले की अरबी समुद्र खवळतो. शिडाच्या होड्यांना बाहेर जाणं अशक्यच. याच काळात बऱ्याच जातींचे मासे अंडी घालतात. नद्या गाळ आणि पोषक द्रव्यं समुद्रात आणतात, दक्षिणेकडच्या किनाऱ्यावर तर खालचं थंड, सकस पाणीही वर येतं. त्यावर सूक्ष्म वनस्पती वाढतात, आणि त्यांच्यावर पिल्लं. श्रावणी पौर्णिमेला कोळी बांधव नारळ अर्पण करून होड्या लोटतात, तेव्हा वाराही उतरणीला लागलेला असतो.

पुढचा हंगाम सगळीकडे सारखा नसतो. रत्नागिरी-सिंधुदुर्गात पावसाळ्यानंतर बांगडा आणि तारली थव्याने किनाऱ्याजवळ येतात. तिथे रापण लावतात: होडीतून जाळं अर्धवर्तुळात सोडायचं आणि दोन्ही टोकं माणसांनी किनाऱ्यावरून ओढायची. मुंबई-पालघरकडे समुद्र उथळ, गढूळ आणि भरती-ओहोटी जोरदार. तिथलं डोळ जाळं म्हणजे तोंड प्रवाहाकडे करून खुंटाला बांधलेली लांबलचक पिशवी. मासा शोधायचा नाही, पाण्यानेच तो आणून द्यायचा. म्हणून अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला बोंबील, जवळा, मांदेली भरपूर, अष्टमी-नवमीच्या भांगाला जाळं ढिलं. बोंबलाच्या अंगात पाणीच फार, तो टिकत नाही. म्हणून पाऊस सरल्यावर तो वलांडीवर वाळत घालतात.

म्हणजे कोळ्याला तारखेपेक्षा तिथी उपयोगाची. भरती तिथीवर चालते, कॅलेंडरवर नाही.

आता खरी अडचण. पूर्वी बंदी समुद्रच घालायचा. इंजिन आलं, ट्रॉलर आले, आणि खवळलेल्या पाण्यातही जाता येऊ लागलं. निसर्गाचं कुलूप तुटलं, म्हणून कायद्याचं लावावं लागलं. महाराष्ट्राचा सागरी मासेमारी नियमन कायदा 1981 चा. पूर्वी राज्यातली बंदी 10 जूनपासून 15 ऑगस्ट किंवा नारळी पौर्णिमा, यांतलं जे आधी येईल तोवर असे. आता पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक नौकांना 1 जून ते 31 जुलै, 61 दिवस. पूर्व किनाऱ्यावर 15 एप्रिल ते 14 जून.

इथे तिथी आणि तारीख यांची फारकत होते. 2023 साली अधिक श्रावण आला आणि नारळी पौर्णिमा गेली 30 ऑगस्टला. बंदी मात्र 1 ऑगस्टलाच उठली. म्हणजे 29 दिवसांचा फरक! परंपरा पाळणारा थांबला तर तेवढे दिवस दुसऱ्याची जाळी भरणार, आणि पापलेटची पिल्लं वाढण्याआधीच जाळ्यात येणार. बंदी लांबवा, ही पारंपरिक मच्छिमारांची मागणी त्यातूनच येते. त्याच 2023 मध्ये पापलेट 'राज्य मासा' जाहीर झाला. मान मिळाला, पण वाढायला अवधी मिळायला हवा.

यात आपला संबंध काय? आपल्या नळाला नर्मदेचं पाणी येतं. तीच नर्मदा भरूचजवळ खंभातच्या आखाताला मिळते. हिलसा पावसाळ्यात अंडी घालायला समुद्रातून तिथे गोड्या पाण्यात चढतो. धरणांमुळे खाली पाणी कमी उतरलं, तर समुद्राचं खारं पाणी आत शिरतं आणि त्याची वाट अडते. भरूचच्या मच्छिमारांची तक्रार हीच आहे.

तेव्हा इंदुरात समुद्र नाही हे खरं, पण आपण समुद्राच्या वाटेवरच बसलोय. पुढच्या श्रावणात नारळीभाताचा घास घेताना एवढं आठवलं, तरी त्या मुलाचा प्रश्न सार्थकी लागला म्हणेन.