चारही मोहरी माऱ्यात!

१५ जानेवारी २०१३. नेदरलँड्समधल्या विक आन झी येथील टाटा स्टील स्पर्धा. ‘विश्वविजेता आनंद आता बरोबरीवरच भागवतो’ अशी कुजबुज तेव्हा सुरू होती. वय ४३. समोर आर्मेनियाचा लेव्हॉन अरोनियन आणि आनंदकडे काळी मोहरी. त्याने निवडली सेमी-स्लावमधली मेरान पद्धत. जरा चुकले की कपाळमोक्षच!

१६व्या चालीला त्याने घोडा ई-५ वर नेला. आता पट पाहा: दोन्ही घोडे, उंट, हत्ती, चारही माऱ्यात! अरोनियनने पुढे हत्ती खाल्लाही. पण तोवर काळे उंट दोन तिरक्या रेषांतून पांढऱ्या राजावर रोखलेले होते. २३व्या चालीला डाव खलास. जाणकारांना रुबिनस्टाइनचा लॉड्झमधला १९०७ चा डाव आठवला.

त्याच वर्षी नोव्हेंबरात कार्लसनने चेन्नईत आनंदचे विश्वविजेतेपद नेले. तरी घरी पट असेल तर हा डाव एकदा मांडून पाहाच.