घराला उतार करावा कसा, खर्च भागवावा कसा

आमच्या घराला तीन पायऱ्या आहेत. तीस वर्षे मी त्या चढलो, उतरलो. पण त्या मोजाव्यात असे कधी मनात आले नाही.

मग माझ्या पत्नीला अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली. दवाखान्यातून ती घरी आली ती चाकाच्या खुर्चीत बसून. दारापर्यंत खुर्ची यायची आणि तिथेच थांबायची. अंगणातली तुळस समोर दिसायची, पण तिला पाणी घालता येत नव्हते. बाहेर न्यायचे तर दोघांनी खुर्ची उचलावी लागे. एक दिवस ती म्हणाली, "अहो, मला उचलायला माणसं बोलावू नका. लाज वाटते. मी घरातच बरी."

ते ऐकून माझ्या पोटात कालवले. तीन पायऱ्यांनी माणूस घरात कोंडला होता. त्याला उपाय एकच. पायऱ्यांशेजारी उतार बांधायचा. त्याला रॅम्प असेही म्हणतात. तुमच्या घरात किंवा शेजारी असे कोणी असेल, तर पुढची माहिती नीट वाचा.

आधी मोजा

मी पहिल्यांदा मोजले नाही. खर्च वाचवायला म्हणून सहा फुटांचाच उतार केला. खुर्ची खाली नेताना ती माझ्या हातातून सुटू लागली. मी आडवा पडून ती अडवली, म्हणून पत्नी वाचली. माझा गुडघा फुटला. मग तो उतार फोडून पुन्हा बांधावा लागला. पैसे दोनदा गेले.

नियम सोपा आहे. उंची एक फूट, तर उतार बारा फूट. पायरी बहुधा सहा इंचांची असते. तीन पायऱ्या म्हणजे दीड फूट. दीड गुणिले बारा म्हणजे अठरा फूट. अठरा फुटांहून आखूड उतार करू नका. खुर्ची ढकलणाऱ्याचा दम जातो आणि बसणाऱ्याचा जीव.

आमचे अंगण एवढे लांब नव्हते. गवंडी म्हणाला, "गुरुजी, एवढा लांब उतार बसायचा न्हाई." मग आम्ही उतार वळवला. नऊ फूट सरळ, मग पाच फूट लांब व पाच फूट रुंद असा सपाट ओटा, मग भिंतीला लागून पुन्हा नऊ फूट. सपाट ओट्यावर खुर्ची वळते आणि माणसाला विसावाही मिळतो. दारापुढेही अशीच सपाट जागा हवी.

उताराची रुंदी चार फूट ठेवा. दोन्ही कडांना दोन-तीन इंचांचा काठ उचला, म्हणजे चाक खाली जाणार नाही. धरायला लोखंडी नळीचा कठडा लावा. वरचा कोबा गुळगुळीत करू नका. ओला असतानाच खराट्याने आडव्या रेघा ओढा. नाहीतर पावसाळ्यात चाक घसरते.

मग खर्च मांडा

गवंड्याला नुसते "किती होतील?" असे विचारू नका. वहीत तीन रकाने पाडा. पहिल्यात माल लिहा. दुसऱ्यात मजुरी. तिसऱ्यात घरचे काय आहे ते. आमच्या उताराला भरावासाठी एक ब्रासच्या आत मुरूम लागला. चार इंच जाडीच्या कोब्याला सहा-सात गोण्या सिमेंट लागले. त्याशिवाय वाळू, खडी आणि नळी. बाजूचे दगड जुन्या गोठ्याचे निघाले. मुरूम भरणे, पाणी मारून धुमसणे ही कामे आम्ही शेजाऱ्यांच्या मदतीने केली. गवंडी फक्त बांधकामाला आणि कोब्याला घेतला. असे केले की रोख खर्च बराच उतरतो.

नवे घर बांधत असाल, तर उतार तेव्हाच करा. मागाहून करण्यापेक्षा तो स्वस्त पडतो.

पंचायतीचा पैसा

माझे निवृत्तिवेतन होते, म्हणून मला दोनदा खर्च सोसला. पण आमच्या आळीत एक मजूर बाई आहे. तिचा मुलगा झाडावरून पडला. कमरेखाली त्याला ताकद नाही. ती आमच्या साक्षरता वर्गाला येत असे. मी तिला म्हटले, "बाई, ग्रामपंचायतीकडे अर्ज कर." ती म्हणाली, "गुरुजी, पंचायत काय आमच्या दारात सिमेंट टाकणार व्हय? भीक मागितल्यावानी वाटतंय."

ती भीक नव्हे. महाराष्ट्रात ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातले शंभरातले पाच रुपये, म्हणजे ५ टक्के, दिव्यांगांसाठी खर्च करायचा असतो. स्वतःचे उत्पन्न म्हणजे घरपट्टी, बाजाराची फी वगैरे. समजा, ते वर्षाला ४ लाख रुपये आहे. मग दिव्यांगांचा वाटा २० हजार रुपये झाला. तो गावातल्या सर्व दिव्यांगांचा असतो. म्हणून उताराचा सगळा खर्च त्यातून निघेलच असे नाही. पण मागितल्याशिवाय काहीच निघत नाही.

आधी दिव्यांगत्वाचा दाखला हवा. तो सरकारी रुग्णालयात तपासणी करून मिळतो. दिव्यांगांचा कायदा २०१६ सालचा आहे. त्याप्रमाणे बहुतेक सवलतींना ४० टक्के किंवा जास्त दिव्यांगत्व लागते. दाखल्याबरोबर ओळखपत्रही मिळते. त्याला यूडीआयडी कार्ड म्हणतात.

मग अर्ज लिहा. त्या बाईने स्वतःच्या हाताने लिहिला तो असा:

"मा. सरपंच यांस. माझा मुलगा चालू शकत नाही. घराला तीन पायऱ्या आहेत. त्याला बाहेर जाता येत नाही. दिव्यांगांच्या ५ टक्के निधीतून उतार बांधण्यास मदत मिळावी. सोबत दाखला, पायऱ्यांचा फोटो आणि गवंड्याचा अंदाज जोडला आहे."

अर्जाच्या दोन प्रती करा. एक द्या. दुसरीवर शिक्का, सही आणि तारीख घ्या. तिला पोच म्हणतात. पोच नसेल, तर अर्ज दिल्याचा पुरावा राहत नाही.

तिला आधी उत्तर मिळाले, "निधी संपला." ती गप्प बसली नाही. माहितीच्या अधिकाराचा कायदा २००५ सालचा आहे. १० रुपये शुल्क भरून तिने विचारले, "५ टक्क्यांचे किती रुपये झाले आणि कुठे खर्च झाले?" दारिद्र्यरेषेखालच्यांना हे शुल्कही लागत नाही. ३० दिवसांत उत्तर द्यावे लागते. उत्तर आले, त्यात काही रक्कम शिल्लक निघाली. ग्रामसभेत तिने तो कागद उभे राहून वाचला. अडखळत वाचला, पण वाचला. सिमेंट आणि नळीचे पैसे मंजूर झाले. मुरूम आम्ही आळीकरांनी भरला.

उतारासाठी सावकाराचे कर्ज काढू नका. आधी मोजा, मग मांडा, मग मागा. आणि कोबा झाल्यावर निदान आठवडाभर पाणी मारा. घाईने खुर्ची घालू नका.

तो मुलगा आता रोज सकाळी पारापर्यंत येतो. आमच्या घरी तुळशीला पाणी कोण घालते, हे वेगळे सांगायला नको.