लोखंडी घराचा सांधा

श्रीवर्धन तालुक्यांतील बोर्ली पंचतनच्या रहिवाशांस वादळ म्हणजे काय, हें सांगावयास नको. ता. ३ जून २०२० रोजीं ‘निसर्ग’ चक्रीवादळ ह्याच किनाऱ्यावर आदळलें. कौलें उडालीं, पत्रे गेले, नारळी-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या. घर बांधतांना वाऱ्याचा विचार करावा, हें तेथें कोणास शिकवावें लागत नाहीं. भूकंपाचें मात्र तसें नाहीं. वास्तविक ता. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे जेथें भूकंप झाला, तें कोयनेचें खोरें बोर्लीपासून सरळ रेषेनें शंभर-सव्वाशें किलोमीटरांवरच आहे, आणि तो धक्का मुंबई-पुण्यापर्यंत जाणवला होता.

लोखंडी खांब-तुळयांचीं बांधकामें कोंकणांत आतां नवीं राहिलीं नाहींत. घरमालक तुळई किती जाड व लोखंड किती वजनाचें, एवढें विचारतो. ती तुळई खांबास जोडली कशी, हें विचारीत नाहीं. आमच्या मतें पहिला प्रश्न हाच होय. जुने सुतार तुळईचें कुसूं खांबाच्या भोंकांत बसवून मेख मारीत. असा सांधा हादऱ्यांत कुरकुरतो, किंचित् हलतो. परंतु त्या घासण्यांतच धक्क्याचा पुष्कळसा जोर खर्ची पडतो.

लोखंडी सांध्याची परीक्षा अमेरिकेंत झाली. ता. १७ जानेवारी १९९४ रोजीं लॉस एंजेलिसनजीक नॉर्थरिज येथें ६.७ प्रतीचा भूकंप झाला. पोलादी सांगाड्याच्या इमारती तेथें सर्वांत भरंवशाच्या मानल्या जात, आणि त्या उभ्याहि राहिल्या. परंतु भिंतींचें आच्छादन काढून पाहतात तों शंभरांहून अधिक इमारतींत तुळई व खांब यांच्या जोडांस भेगा! बरोबर एक वर्षानें, त्याच तारखेस, जपानांतील कोबे येथेंहि पोलादी सांधे तुटलेले आढळले.

असें कां व्हावें? केसांतला तारेचा आकडा व काचेची बांगडी घेऊन पाहावें. आकडा अनेकदां वांकतो, बांगडी एकदम तडकते. पोलाद स्वभावतः आकड्यासारखें. पण वेल्डिंगचा रस ठिसूळ निघाला आणि खालीं आधारास लावलेली पट्टी तशीच राहून तेथें खांच पडली, म्हणजे सांधा बांगडीसारखा वागतो. तुळईस वांकावयास अवसरच मिळत नाहीं.

ह्यावर निघालेला एक उपाय मोठा मौजेचा आहे. खांबापासून थोड्या अंतरावर तुळईच्या वरच्या व खालच्या पट्ट्यांच्या कडा वर्तुळाकार कापून ती मुद्दाम कमजोर करितात! आकार कुत्र्याच्या हाडासारखा दिसतो व नांवहि तेंच पडलें आहे. धक्का बसला कीं तुळई त्या ठिकाणीं वांकते. सांधा व खांब शाबूत राहतात, माणसें बाहेर पडूं शकतात.

एकमजली पत्र्याच्या हलक्या छपरास ह्या सर्व खटाटोपाची गरज बहुधा नाहीं. भूकंपाचा जोर इमारतीच्या वजनाबरोबर वाढतो, आणि अशा छपरास वाराच अधिक भारी. परंतु दोन-तीन मजले चढवून वर सिमेंटाची लादी घालावयाची असेल, तर इंजिनियराकडून प्रत्येक सांध्याचा स्वतंत्र नकाशा मागून घ्यावा. उंच परांचीवर, वाऱ्यांत, घाईनें केलेल्या वेल्डिंगपेक्षां कारखान्यांत केलेलें बरें. जागेवर शक्य तों बोल्टच कसावे. आणि रंगाचा पहिला हात देण्यापूर्वीं सांधे जाणत्याकडून तपासून घ्यावे, कारण खारी हवा रंगाखालच्या भेगेंतहि शिरते.