दुपारची रेघ आणि मध्यरात्रीचे पाणी

सहलीचा लेख म्हटला की गुलाबी थंडी, नागमोडी घाट आणि गाण्याच्या भेंड्या आल्याच. आम्हीही ते सर्व यथासांग पार पाडले. पण प्रस्तुत लेखाचा विषय पाणी आहे. ते आमच्या तंबूत का शिरले, हे मला अजूनही वर्गात ज्याला-त्याला समजावून सांगावे लागते, कारण तंबूची जागा मी निवडली होती. एकदाचे लिहून टाकलेले बरे.

४ डिसेंबर २०२५, दत्तजयंती. पहाटे साडेचारला कराडहून आम्ही सातजण आणि आमचे भूगोलाचे सर भाड्याच्या जीपने निघालो. कुंभार्ली घाटात हात खिशातून काढवत नव्हते. चिपळूणला स्वेटर उतरले. तेथून गुहागर सुमारे ४५ किलोमीटर. साडेदहाला आम्ही वाळूवर उभे होतो. एका अंगाला नारळी-पोफळीच्या वाड्या, मग सुरूची झाडे, मग सरळ लांबच लांब किनारा.

भरती पूर्ण होत आली होती. मी शास्त्रशुद्ध पद्धतीने थांबलो. पाणी जिथवर आले तिथे टाचेने रेघ ओढली, ते मागे सरकू लागल्याची खात्री केली आणि रेघेपासून पंधरा पावले वर तंबू ठोकला. वाटेने जाणारे एक आजोबा थांबले. म्हणाले, "पोरांनो, आज पुनव. रात्रीचं पाणी वेगळं. सुरूच्या मुळाशी जा." मी त्यांना माझी रेघ दाखवली! ते काही न बोलता निघून गेले. सरांनी माझ्याकडे पाहिले, पण तेही गप्प राहिले. (ते मुद्दाम गप्प राहिले, असा माझा अद्याप संशय आहे.)

रात्री जेवणे झाली. एकाला घाटात उलट्या होऊन दिवसभर कणकण होती. त्याला गोळी देऊन तंबूत झोपवले आणि बाकीचे चांदण्यात फिरायला गेलो. चंद्र जवळजवळ डोक्यावर होता. अकराच्या सुमारास परतलो तर रेघ कुठेच नव्हती. तंबूच्या दोऱ्यांभोवती फेस होता आणि तंबूची चेन आतून लावलेली. हाका मारल्या, उत्तर नाही. त्या क्षणी माझ्या पोटात काय झाले ते मला लिहिता येणार नाही. चेन निघेना म्हणून कापड फाडले. गडी अंथरुणावर उठून बसला होता, कमरेपर्यंत भिजलेला, आणि गोळीच्या गुंगीत विचारीत होता, "पाऊस आला का?"

आता कारण. चंद्राचे ओढणे पृथ्वीच्या सगळ्या भागांवर सारखे नसते. चंद्रासमोरच्या पाण्यावर ते अधिक, पलीकडच्या पाण्यावर कमी. म्हणून दोन्ही बाजूंना पाण्याचे फुगवटे येतात. पृथ्वी त्यांखालून फिरते आणि आपल्याला दिवसातून दोनदा भरती मिळते. दोन भरत्यांत सुमारे १२ तास २५ मिनिटे जातात. चंद्रही पुढे सरकत असल्याने दुसऱ्या दिवशीची भरती सुमारे ५० मिनिटे उशिरा येते. कोकणातला हिशेब त्याहून सुटसुटीत आहे: तिथीची पाऊणपट करा, साधारण तितक्या वाजता भरती. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, पौर्णिमेला सव्वाअकरा. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो. पौर्णिमा-अमावास्येला सूर्य आणि चंद्र एका रेषेत ओढतात, ते उधाण. अष्टमीच्या सुमारास काटकोनात, तो भांग. शिवाय त्या रात्री चंद्र पृथ्वीच्या नेहमीपेक्षा जवळ होता.

हे सर्व मला पुस्तकातून ठाऊक होते. ठाऊक नव्हते ते असे की, एकाच दिवसाच्या दोन भरत्या सारख्या नसतात. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे झुकलेला असतो. पौर्णिमेचा चंद्र त्याच्या समोर, म्हणजे उत्तरेकडे. त्यामुळे चंद्राखालचा फुगवटा उत्तर गोलार्धात आणि पलीकडचा दक्षिणेत पडतो. मध्यरात्री आपण पहिल्याखालून जवळून जातो, दुपारी दुसऱ्याच्या नुसत्या कडेवरून. अमावास्येला चंद्र सूर्याबरोबर दक्षिणेला असतो, पण तेव्हा पलीकडचा फुगवटा उत्तरेला येतो, आणि मध्यरात्री आपण त्याच्याच वाट्याला जातो. पावसाळ्यात नेमके उलटे, मोठे पाणी दिवसा. मुंबईकरांची भरतीची धास्ती म्हणूनच बहुधा दुपारची असते. समुद्राची खोली आणि किनाऱ्याचा आकार हिशेबात ढवळाढवळ करतात, तरी आपल्या बाजूला अनुभव असाच येतो. मुंबईला हिवाळ्यातल्या मोठ्या उधाणाचे रात्रीचे पाणी दुपारच्यापेक्षा अर्ध्या मीटरहूनही अधिक चढते. अर्धा मीटर ऐकायला किरकोळ वाटतो. पण वाळूचा उतार ३० ला १ धरला तर पाण्याची कड तेवढ्यासाठी १५ मीटर आत येते. माझी पंधरा पावले त्याहून कमीच भरली असती.

याच किनाऱ्यावर हिवाळ्यात समुद्री कासविणी रात्री वर येऊन अंडी घालतात, आणि ती पाण्याच्या टप्प्याबाहेर. त्यांना कोणी भूगोल शिकवलेला नाही, असे सरांनी सकाळी चहा पिताना सांगितले.

ती रात्र आम्ही एका वाडीच्या अंगणात काढली. काकूंनी मध्यरात्री दार उघडून घोंगड्या दिल्या आणि आजाऱ्याला आल्याचा काढा. पहाटे वाऱ्याने कुडकुडलो. रात्री जमीन पाण्याआधी निवते आणि वारा समुद्राकडे वाहू लागतो, तोच मतलई वारा. ग्रंथालयाचे एक पुस्तक भिजले. त्याची किंमत मी भरली आहे, पावती आहे.

दुसऱ्या दिवशी मी आजोबांना शोधून काढले. ते सुरूच्या सावलीत जाळे विणत बसले होते. मी म्हटले, "आजोबा, आज तरी पाणी कमी ना? पौर्णिमा झाली." ते हसले आणि माझ्याबरोबर किनाऱ्यावर आले. रात्रीच्या ओल्या कडेच्याही चार पावले वर त्यांनी काठी रोवली आणि म्हणाले, "पुनवेच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जास्त."

रात्री बाराच्या सुमारास आम्ही सर्वजण काकूंच्या कुंपणाशी उभे राहून पाहत होतो. पाणी काठीला लागले, थोडे वळसे घेऊन थांबले, आणि मग मागे गेले.