प्राध्यापकांचा संघ कशासाठीं?

प्राध्यापकांचा संघ म्हटला कीं पगारवाढीची मागणी, निदर्शनें आणि ओस पडलेले वर्ग एवढेंच चित्र सामान्य मनुष्याच्या डोळ्यांपुढें उभें राहतें. विद्यादान हें पवित्र कार्य. तें करणाऱ्यानें गिरणी-कामगाराप्रमाणें संघ कां काढावा, असा प्रश्न पुष्कळ सज्जन विचारतात. प्रश्न अगदींच निराधार नाहीं. परंतु त्याचें उत्तर केवळ पगाराच्या आंकड्यांत शोधूं गेल्यास सांपडावयाचें नाहीं. शिक्षकावर मालकाची मर्जी खप्पा झाली असतां त्याचा न्याय कोणी करावयाचा, ह्या जुन्या प्रश्नाशीं तें निगडित आहे. कॅनडांतील विनिपेग शहराचा इतिहास ह्या दृष्टीनें फार बोधप्रद आहे.

विनिपेग येथें युनायटेड कॉलेज नांवाचें, चर्चच्या आश्रयाखालील एक महाविद्यालय होतें. १९६७ सालीं त्याचेंच रूपांतर विनिपेग विद्यापीठांत झालें. तेथें हॅरी क्रो हे इतिहास शिकवीत असत. १९५८ च्या मार्च महिन्यांत, रजेवर परगांवीं असतांना, त्यांनीं आपल्या एका सहकाऱ्यास खाजगी पत्र लिहिलें. देशांतील निवडणूक, महाविद्यालयाचा कारभार आणि धर्मोपदेशकांवरील अविश्वास ह्यांविषयीं, मित्राशीं बोलावें तसें, त्यांत मोकळेपणीं लिहिलेलें होतें. तें पत्र मित्राच्या हातीं न पडतां एका निनावी चिठ्ठीसह प्राचार्यांच्या हातीं पडलें. त्यांतून वाद वाढत गेला आणि अखेर नियामक मंडळानें क्रो ह्यांस नोकरींतून दूर केलें. अध्यापनांत कसूर केल्याचा आरोप त्यांजवर नव्हता. आरोप करणारें, साक्ष घेणारें आणि शिक्षा देणारें मंडळ मात्र एकच होतें.

कॅनडांतील विद्यापीठ-शिक्षकांचा राष्ट्रीय संघ १९५१ सालीं स्थापन झाला होता. त्यानें चौकशीसाठीं दोघांची समिति नेमली. एक अर्थशास्त्रज्ञ व्हर्नन फाउक आणि दुसरे कायद्याचे प्राध्यापक बोरा लास्किन, जे पुढें १९७३ सालीं कॅनडाचे सरन्यायाधीश झाले. क्रो ह्यांजवर अन्याय झाला असून त्यांस परत घ्यावें, असा निर्णय ह्या समितीनें त्याच वर्षीं दिला. मंडळानें त्यांस परत बोलाविलेंही. परंतु त्यांच्यासाठीं राजीनामे दिलेल्या सहकाऱ्यांस घेण्याचें नाकारलें. तेव्हां क्रो ह्यांनीं स्वतःच ती जागा सोडली आणि आणखीही अनेक शिक्षक बाहेर पडले. लोकमत संघाच्या बाजूचें होतें, अहवाल निःसंदिग्ध होता, तरी न्याय पूर्णपणें पदरांत पडला नाहीं. कारण त्या अहवालाच्या पाठीशीं नीतीचें बळ होतें, कायद्याचें नव्हतें.

हें बळ पुढें १९७० नंतरच्या दशकांत मिळूं लागलें. त्याच विनिपेग शहरांतील मॅनिटोबा विद्यापीठाच्या प्राध्यापक-संघास १९७४ सालीं कायदेशीर मान्यता प्राप्त झाली. ह्या मान्यतेचा अर्थ समजून घेण्यासारखा आहे. शिक्षकांच्या बहुमताचा पाठिंबा संघास आहे अशी प्रांताच्या श्रम-मंडळाची खात्री पटली म्हणजे सर्वांच्या वतीनें वाटाघाटी करण्याचा अधिकार त्या एका संघास मिळतो आणि विद्यापीठास त्याच्याशीं प्रामाणिकपणें बोलणीं करावींच लागतात. बोलण्यांतून लेखी करार होतो. त्यांत वेतनाचें कोष्टक तर असतेंच; परंतु नेमणूक, कायमपद, बढती, तासांचा बोजा, रजा, आणि शिस्तभंगाचा आरोप आल्यास चौकशी कशी व्हावी, हेंही लिहिलेलें असतें. करार मोडल्याची तक्रार आपसांत मिटली नाहीं तर ती तटस्थ लवादापुढें जाते आणि त्याचा निर्णय दोन्ही पक्षांवर बंधनकारक होतो. १९५८ सालीं क्रो ह्यांस हवा होता तो हाच तिसरा मनुष्य.

हा सर्व खटाटोप चालविण्यास पैसा लागतो. १९४६ सालीं न्यायमूर्ति आयव्हन रँड ह्यांनीं एका मोटार-कारखान्याच्या तंट्यांत असा तोडगा दिला कीं, संघाचा सभासद होण्याची सक्ति कोणावर नसावी. पण कराराचा लाभ सर्वांस मिळत असल्यानें वर्गणी सर्वांनींच द्यावी. कॅनडांतील बहुतेक करारांत हीच रीत रूढ झाली. उलटपक्षीं, सभासद नसलेल्या शिक्षकाची बाजूही संघास निष्पक्षपणें मांडावी लागते. संघाचें बरेंचसें काम असें नित्याचें व निमूटपणें चालणारें असतें. करार वाचून दाखविणें, चौकशीस बोलाविलेल्या तरुण शिक्षकाच्या शेजारीं बसणें, बढती नाकारल्याचीं कारणें मागणें, अशा गोष्टींची वार्ता वर्तमानपत्रांत येत नाहीं.

वार्ता होते ती संपाची. मॅनिटोबा विद्यापीठांत २०१६ सालीं तीन आठवडे संप झाला. त्यापूर्वीं प्रांतिक सरकारनें एक वर्ष वेतनवाढ न देण्याविषयीं विद्यापीठास आंतून कळविलें होतें आणि ही गोष्ट संघापासून लपविण्यांत आली होती. संपाच्या अखेरीस त्या वर्षीं पगार वाढला नाहीं; कामाच्या बोजासंबंधीं संरक्षण मात्र मिळालें. सरकारच्या ह्या ढवळाढवळीबद्दल न्यायालयानें २०२२ सालीं संघास सुमारें १ कोटि ९४ लक्ष डॉलर नुकसानभरपाई ठरविली. मध्यंतरीं २०२१ सालीं आणखी एक संप होऊन तो ३५ दिवस चालला. अशा प्रसंगीं विद्यार्थ्यांचे तास बुडतात आणि सत्र लांबतें, हें नाकारण्यांत अर्थ नाहीं. संप हें औषध नव्हे, शस्त्रक्रिया होय. ती वारंवार करावी लागणें हें कोणत्याच पक्षास भूषणावह नाहीं.

संघ आळशी शिक्षकास पाठीशीं घालतो, हा दुसरा आक्षेप. कोठें कोठें असें घडतही असेल. परंतु नालायक मनुष्यास काढूं नये, असें करार सांगत नाहीं. कारण सांगा, पुरावा दाखवा आणि त्याचें म्हणणें ऐका, इतकेंच तो सांगतो. ज्यास खरोखर सबळ कारण आहे, त्या चालकानें तें सांगण्यास भिण्याचें प्रयोजन नाहीं.

हा प्रश्न केवळ परदेशचा आहे असेंही नव्हे. गोव्यांतील एका शाळेनें नोकरींतून काढलेल्या शिक्षिकेचें प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलें होतें. १९८८ सालीं त्याचा निकाल लागला. शिक्षणसंस्था हा जरी कायद्याच्या अर्थानें उद्योग असला, तरी शिक्षक हा त्या वेळच्या औद्योगिक तंटे कायद्याप्रमाणें कामगार नव्हे, असें न्यायालयानें ठरविलें. अर्थात् कामगार-न्यायालयाचें दार तिला बंद झालें. मात्र त्याच निकालांत न्यायालयानें असेंही बजाविलें कीं, शिक्षकांस सामाजिक न्यायापासून वंचित ठेवतां येणार नाहीं. त्यांच्यासाठीं योग्य न्यायाधिकरण असणें अवश्य आहे. महाराष्ट्रांत खाजगी शाळांतील नोकरवर्गासाठीं १९७७ सालीं झालेल्या कायद्यानें, आणि महाविद्यालयांतील शिक्षकांसाठीं विद्यापीठ-कायद्यानें, अशीं न्यायाधिकरणें दिलीं आहेत. परंतु न्यायाधिकरणापुढें एकट्यानें उभें राहणें खर्चाचें व धैर्याचें काम असतें. तेथें संघ उपयोगी पडतो.

ह्यांत विद्यार्थ्याचा लाभ काय, तो शेवटीं पाहूं. वर्गांत उद्यां कोणता शब्द आपल्यास भोंवेल ह्या चिंतेंत असलेला शिक्षक पुस्तकांतील मजकूर वाचून दाखवील. स्वतःचें मत सांगणार नाहीं आणि विद्यार्थ्याचें विचारणार नाहीं. ज्यास आपल्यावर अन्याय झाल्यास कोणीतरी ऐकून घेईल असा भरंवसा आहे, तोच विद्यार्थ्यांस शंका विचारूं देतो. संघानें मिळविलेली वेतनवाढ महागाईंत विरून जाते. ऐकून घेतलें जाण्याचा हक्क मात्र मागून येणाऱ्या शिक्षकासही उपयोगी पडतो.